एका कॉलमात न मावलेलं नाव

६ जुलै २०१९, शनिवार. हेडिंग्लीला भारत-श्रीलंका सामना दुपारी तीनला, त्यामुळे क्रीडा डेस्कचा सगळा जीव वर्ल्डकपमध्ये. साडेअकराच्या सुमाराला एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, बातमी येऊन पडली: कवाय लेनर्ड लॉस एंजेलिस क्लिपर्स संघाकडे, आणि त्याच्या जोडीला ओक्लाहोमा सिटीकडून पॉल जॉर्ज. एरवी बास्केटबॉलला आमच्याकडे दोन ओळी मिळतात. ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे इंडियाना आणि सॅक्रामेंटो हे संघ खेळणार होते, म्हणून सिंगल कॉलम मिळाला.

लिहिण्याआधी सौदा समजून घेणं भाग होतं. जॉर्जचा पगार सुमारे ३ कोटी ३० लाख डॉलर. खेळाडूंच्या एकूण पगारावर लीगने घातलेली मर्यादा ओलांडलेल्या संघाला एवढ्या मोठ्या सौद्यात तेव्हा बाहेर दिलेल्या पगाराच्या १२५ टक्के, वर १ लाख डॉलर, इतकाच पगार आत घेता यायचा. क्लिपर्स ओक्लाहोमाला देत होते तो शे गिल्जस-अलेक्झांडर नवख्याच्या करारावर, वर्षाला जेमतेम ४० लाख. म्हणून डॅनिलो गॅलिनारीचे २ कोटी २६ लाख जोडले. बेरीज २ कोटी ६६ लाखांच्या आसपास, तिची सवापट आणि वरचा लाख धरला की ३ कोटी ३३ लाख. जॉर्ज कसाबसा बसला.

शिवाय ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या, पहिल्या फेरीच्या ५ निवडी: क्लिपर्सच्या २०२२, २०२४, २०२६ च्या, मायामीच्या २०२१ आणि २०२३ च्या. वर २०२३ आणि २०२५ मध्ये क्लिपर्सशी निवडींची अदलाबदल करण्याचा ओक्लाहोमाला हक्क. स्वतःच्या निवडी वर्षाआड का, तर स्टेपियन नियमामुळे. पुढची लागोपाठ दोन वर्षं पहिल्या फेरीविना राहता येत नाही. मधल्या वर्षी निवड देता येत नाही, बदलता मात्र येते.

संध्याकाळी रोहितने स्पर्धेतलं पाचवं शतक ठोकलं आणि माझा कॉलम निम्म्यावर आला. मी गॅलिनारी ठेवला आणि लांबलचक नावाच्या पोराला 'एक तरुण गार्ड' करून टाकलं. आदल्या मोसमात तो सगळे ८२ सामने खेळला होता, सरासरी १०.८ गुण. एकवीस पूर्ण व्हायला आठवडा बाकी होता. कापायचं नाव चुकलं.

पोरगा द्यायलाच नको होता, असं मात्र मी आजही म्हणणार नाही. त्याच उन्हाळ्यात लेकर्सनी इनग्राम, बॉल, हार्ट आणि त्या वर्षीची चौथी निवड देऊन अँथनी डेव्हिस आणला आणि २०२० चं विजेतेपद घेतलं. त्यांचा तारा लेब्रॉन चौतिशीत, पोरं तयार होईपर्यंत थांबायला त्यांच्याकडे वेळच नव्हता. क्लिपर्सलाही जॉर्जच्या निमित्ताने लेनर्ड मिळाला.

माझा आक्षेप मुदतीवर आहे. लेनर्ड आणि जॉर्ज, दोघांनाही २०२१ च्या उन्हाळ्यात करारातून बाहेर पडायची मुभा होती. शेची स्वस्त वर्षं अजून तीन होती. जॉर्जच्या तर दोन्ही खांद्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली. म्हणजे हातात दोन वर्षांची खात्री, आणि देणं २०२६ पर्यंतचं. त्यात स्वतःच्या तिन्ही निवडींना संरक्षण नाही, म्हणजे क्रमांक कितीही वरचा आला तरी ती द्यायचीच. अशी निवड उलट्या विम्यासारखी असते: तुमचा तारा जायबंदी झाला की तिची किंमत चढते, आणि पैसे दुसऱ्याला मिळतात. नेमकं तसंच झालं. जून २०२१ मध्ये लेनर्डच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, पुढचा अख्खा मोसम तो बाहेर, संघ प्ले-इनमध्ये, म्हणजे बाद फेरीआधीच्या पात्रता सामन्यांत, गारद. २०२२ ची निवड बाराव्या क्रमांकावर आली आणि ओक्लाहोमाने जेलन विल्यम्स उचलला.

जॉर्ज २०२४ मध्ये फिलाडेल्फियाला गेला. क्लिपर्सना बदल्यात काहीच नाही.

२३ जून २०२५ च्या सकाळी ओक्लाहोमा ४-३ ने विजेते झाले तेव्हा मी डेस्कवर होतो. समोर इंडियाना. या इंडियानानेच २०१७ मध्ये जॉर्ज ओक्लाहोमाला देऊन ओलाडिपो आणि सबोनिस घेतले होते, आणि २०२२ मध्ये सबोनिस सॅक्रामेंटोला देऊन हॅलिबर्टन. वरळीत खेळलेले हेच ते दोन संघ. अंतिम फेरीतल्या दोन्ही प्रमुख गार्डांच्या, शे आणि हॅलिबर्टनच्या, मागे जॉर्जचेच सौदे. हे सगळं चौकटीत दिलं.

मथळ्यात या वेळी नाव बसवायला त्रास झाला नाही. नुसतं 'शे' लिहिलं.