सरासरी कोणाची वाढली?

आज दिवसभर ग्रामविकासाच्या एका मीटिंगला बसलो होतो, खरं सांगायचं तर अर्धा वेळ मोबाईलच बघत होतो, कारण स्लाइडवर तेच ते, रस्ता झाला, वीज आली, सरासरी उत्पन्न वाढलं. मग मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या नि म्हणाल्या, "बोअर तिघांनी मारली, विहिरी सगळ्यांच्या आटल्या, मग सरासरी कोणाची वाढली?" प्रेझेंटेशनवाला बिचारा क्लिकर दाबत बसला, स्लाइड काही पुढे सरकेना 😄

तेव्हापासून डोक्यात स्वित्झर्लंडमधलं टोर्बेल गाव घोळतंय. तिथला १५१७ सालचा नियम असा की हिवाळाभर घरी जेवढ्या गाई पोसता येतात तेवढ्याच सामायिक कुरणात सोडायच्या, बास. पैसेवाल्याने बाहेरून गाई आणून कुरण फस्त करायचं नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंनी असल्याच गोष्टी अभ्यासल्या, पाणी, कुरण, जंगल लोक आपापसात नियम करून पिढ्यान्‌पिढ्या कसे सांभाळतात ते, २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यालाच मिळालं. आणि आपण? पाइप किती इंची ते आधी ठरवतो, पाणी कोणाचं ते नंतर बघू.

संध्याकाळी मीटिंगचे मिनिट्स आले मेलवर. तीन पानं आहेत. बाईंचा प्रश्न कुठेच नाही.