तोंड वेडंवाकडं करायचं वय

तोंडाबद्दल जन्मभर आपल्याला ज्या सूचना मिळतात, त्या बहुतेक सगळ्या ‘करू नको’ या जातीच्या असतात. जीभ बाहेर काढू नको. गाल फुगवून बसू नको. आ वासून बघत राहू नको. जेवताना मचमच करू नको. आणि मोठ्यांना वेडावून दाखवलंस तर याद राख! हे सगळं इतकं अंगात मुरतं की साठी-सत्तरीला पोचेपर्यंत तोंडाचा उपयोग खाणं, बोलणं आणि फोटोपुरतं मोजकं हसणं एवढाच उरलेला असतो. मग एक दिवस, घास नीट गिळता यावा म्हणून तोंडाचे व्यायाम शिकवायला, पोरसवदा स्पीच थेरपिस्ट (बोलण्या-गिळण्याच्या तक्रारींवर उपचार करणारी) समोर येऊन बसते आणि गोड आवाजात म्हणते, “आजोबा, जीभ बाहेर काढा बघू. अजून थोडी. आता ती नाकाला लावायचा प्रयत्न करा.”

आजोबांचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा असतो. आयुष्यभराचं वळण एका वाक्यात मोडीत काढलेलं असतं.

गुडघ्याच्या व्यायामाला समाजात प्रतिष्ठा आहे. सकाळी चालायला जाणाऱ्याला तर जरा जास्तच आहे. तोंडाच्या व्यायामाला मात्र काडीची नाही. खोलीचं दार लावून, आरशासमोर, घरात कोणी नाही असं बघून तो उरकायचा असतो. म्हणूनच तो होत नाही. माझ्या मते या व्यायामांतली खरी अडचण स्नायूंची नाहीच, लाजेची आहे. ती एकदा गेली की उरते ती निव्वळ मजा.

आता मुळात गिळायला व्यायाम कशाला लागावा, हा प्रश्न रास्त आहे. गिळणं आपण आईच्या पोटातच शिकलेलो असतो. तिसरा-चौथा महिना लागतो न लागतो तोच गर्भ आजूबाजूचं पाणी गिळायला लागतो. इतक्या जुन्या सवयीकडे कोण लक्ष देणार? पण एकदा लक्ष द्या. कंठमण्यावर हलकेच बोट ठेवा आणि आवंढा गिळा. तो उंचवटा झपकन वर जातो, क्षणभर थांबतो आणि खाली येतो. तेवढ्यात आत काय काय घडलेलं असतं! जिभेने घास मागे ढकललेला असतो, टाळूच्या मागच्या मऊ भागाने नाकाची वाट बंद केलेली असते, स्वरयंत्र वर उचलून त्याच्यावर झाकण पडलेलं असतं, स्वरतंतू मिटलेले असतात, श्वास थांबलेला असतो आणि अन्ननलिकेचं दार उघडलेलं असतं. घशातला हा सगळा मामला साधारण एका सेकंदात आटोपतो. श्वास आणि घास यांचा रस्ता घशात एकच असल्यामुळे आतला सांधेवाला दिवसरात्र जागा असावा लागतो. गाडी भलत्या रुळावर गेली की ठसका.

वय वाढलं की हा सांधेवाला सुस्तावतो. जिभेचा जोर कमी होतो, कंठमणी वर जायला किंचित उशीर होतो, आणि त्यात काही औषधांनी तोंड कोरडं पडतं. हा काही लगेच आजार नव्हे. केस पिकतात तसंच हेही वयाचं येणं आहे. पण ठसका वारंवार लागू लागला, किंवा अन्नपाण्याचे कण गुपचूप फुप्फुसात उतरू लागले, तर त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो आणि तो उतारवयात महागात पडतो. त्याच्याही आधी एक गोष्ट होते, आणि ती मला जास्त वाईट वाटते. माणूस ठसक्याच्या धास्तीने चारचौघांत जेवायचं टाळू लागतो. “तुम्ही बसा, मी नंतर जेवते” हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागलं, तर त्यामागे नेहमी भूक नसणंच असतं असं नाही.

आमच्या आईचं तसंच काहीसं सुरू झालं होतं. डॉक्टरांनी तपासलं, काळजीचं काही नाही म्हणाले आणि व्यायामांचा एक कागद हातात दिला. त्यावर छोटी छोटी चित्रं होती: गाल फुगवलेला चेहरा, ओठांचा चंबू केलेला चेहरा, जीभ बाहेर काढलेला चेहरा. आईने तो कागद घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला, म्हणजे थोडक्यात निकालात काढला. तो बाहेर काढला नातवाने. त्याला त्या चित्रांत व्यायाम दिसलाच नाही, त्याला खेळ दिसला. “आजी, तू फुगव, मी फोडतो.” आईने गाल फुगवायचे आणि त्याने एकेका बोटाने ते दाबायचे. हवा सुटू द्यायची नाही. ओठ घट्ट मिटून, डोळे मोठे करून आई बसलेली, आणि समोर हा बोट रोखून. हवा सुटायची ती फुर्रकन, त्याच्या तोंडावर. आता यात कागदावरचं सगळं आलं की नाही? ओठ मिटायची ताकद आली, गालाचे स्नायू आले. घास तोंडात नीट धरून ठेवायला हेच लागतं. मग जिभेने आतून गाल ढकलायचा आणि बाहेरून बोटाने अडवायचं. ही तर चक्क कुस्ती. जिभेला विरोध मिळाला की तिचा जोर वाढतो, हे थेरपिस्टचं शास्त्र, पण आईला फक्त जिंकायचं होतं.

या बाबतीत जपानी लोकांनी मोठं डोकं चालवलंय असं मला वाटतं. तिथे ज्येष्ठांच्या जमावात जेवणाआधी सगळे मिळून ‘प-त-क-र’ म्हणतात. चारच अक्षरं, पण निवड बघा. ‘प’ला ओठ मिटतात, ‘त’ला जिभेचं टोक वर टेकतं, ‘क’ला जिभेची मागची बाजू उचलली जाते, ‘र’ला जीभ वळते. म्हणजे घास ज्या वाटेने जाणार ती वाट आधी झाडून घ्यायची. आपल्याला तर हे शाळेतच शिकवलेलं आहे. क-वर्ग कंठातून, च-वर्ग टाळूवरून, मग ट, त आणि शेवटी ओठांवरचा प. आपली वर्णमाला घशाकडून ओठांकडे चालत येते. घास उलट जातो, ओठांकडून घशाकडे. म्हणून जेवायला बसण्याआधी वर्णमाला उलटी म्हणावी: प फ ब भ म, त थ द ध न, आणि असं मागे मागे सरकत क-वर्गापर्यंत. एकदा करून पाहा. सरळ घडाघडा येणारी माणसंही उलटी म्हणताना ‘ट’पाशी अडखळतात, आणि अडखळलं की हसू येतं.

जपानमध्ये याची परीक्षाही घेतात. ‘प प प प’ असं भराभर म्हणायचं आणि प्रत्येक ‘प’ला कागदावर पेनाने एक ठिपका द्यायचा. मग ‘त’चं तसंच, मग ‘क’चं. सेकंदाला सहापेक्षा कमी पडले तर तोंडाची चपळाई उतरली असं धरतात. दुसरी परीक्षा याहून सोपी वाटते, पण तशी ती नाही. कंठमण्यावर बोट ठेवून 30 सेकंदांत जमतील तितके आवंढे गिळायचे, पाणीबिणी न पिता. तीन तरी झाले पाहिजेत. पहिला सहज जातो. दुसऱ्याला तोंडात काहीच उरलेलं नसतं, आणि तिसऱ्याला लाळ ही किती मोलाची चीज आहे ते कळतं.

सगळेच व्यायाम असे खेळकर नाहीत, हेही सांगायला हवं. शेकर नावाच्या डॉक्टरांच्या नावाचा एक आहे. उताणं पडायचं, खांदे जमिनीला टेकलेलेच ठेवायचे आणि फक्त डोकं उचलून स्वतःच्या पायाची बोटं बघायची. मिनिटभर तसंच राहायचं, मिनिटभर विसावा, असं तीनदा. ऐकायला काहीच नाही, पण वीस सेकंदांत मान थरथरायला लागते. कंठमणी वर खेचणारे स्नायू बळकट व्हावेत म्हणून हा खटाटोप. मानेचं दुखणं किंवा रक्तदाबाचा त्रास असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नये. त्यापेक्षा हनुवटीखाली मऊ रबरी चेंडू धरून तो हनुवटीने दाबायचा, हे बसल्या बसल्या होतं आणि काम जवळपास तेच. दुसरा एक व्यायाम जीभ दातांत हलकेच धरून आवंढा गिळायचा. त्यात तोंडात फक्त लाळ हवी, घास किंवा पाणी असताना तो कधीही करायचा नाही. आणि ज्यांना रोजच्या जेवणात ठसका लागतो, जेवल्यावर आवाज घोगरा-ओला येतो किंवा वजन उतरत चाललंय, त्यांनी असले लेख वाचून गाल फुगवत बसू नये. आधी तपासून घ्यावं.

बाकीच्यांनी मात्र खुशाल फुगवावेत. मोठ्ठी जांभई आल्यासारखं तोंड उघडून दहा सेकंद तसंच ठेवावं. जबडा खाली ओढणारे स्नायू गिळतानाही कामाला येतात. पाण्यात नळी बुडवून बुडबुडे काढावेत. मोठ्याने गाणं म्हणावं, सुरात नसलं तरी चालेल, घशाला सुराशी देणंघेणं नाही.

घशाच्या स्नायूंची तालीम कुठवर जाऊ शकते याचा माझा लाडका दाखला गिळण्याचा नाही, घोरण्याचा आहे. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं डिजरीडू नावाचं लांबलचक फुंकवाद्य असतं. झोपेत श्वास अडणाऱ्या, घोरणाऱ्या 25 लोकांना स्विस संशोधकांनी अभ्यासासाठी घेतलं. त्यातल्या काहींना हे वाद्य शिकवलं आणि चार महिने जवळपास रोज वीस-वीस मिनिटं वाजवायला लावलं. 2006 साली त्याचे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आले. वाजवणाऱ्यांचं दिवसा पेंगणं कमी झालं, आणि त्यांच्या शेजारी झोपणाऱ्यांनाही बरी झोप लागू लागली. या कामगिरीला 2017 साली हसवून विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठीचा इग नोबेल मिळाला, तोही शांततेचा. शेजारच्या घरातल्यांची झोप हा मात्र अभ्यासाचा विषय नव्हता.