बरगे घातलेल्या नदीतून

माझ्या भावाने पुण्याहून हवा भरायची दोघांची कनू, म्हणजे वल्ह्यांची छोटी नाव, आणली आणि आमच्या निपाणीच्या घरी ठेवून परत न्यायला विसरला. तेव्हापासून बारा वर्षांचा लेक मागेच लागला. शेवटी जानेवारीतला एक शनिवार ठरला. सदलग्याखालून दूधगंगेत उतरायचं, एक मुक्काम करायचा आणि रविवारी कल्लोळला पोचायचं. तिथं ती कृष्णेला मिळते.

माझा सगळा हिशेब प्रवाहावर होता. पण जानेवारीत या नदीला प्रवाहच नसतो. पावसाळा संपला की कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या गाळ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, पाणी अडतं आणि नदीची एकापुढे एक तळी होतात. वल्हं थांबलं की आम्ही थांबलो.

त्यात नाव सरळ जाईना. मी मागे, तो पुढे. माझ्या वजनाने पुढचं टोक वर उठलेलं, आणि मी जोर लावला की नाव गर्रकन फिरे. म्हशी धुणारे एक आजोबा बराच वेळ बघत होते. म्हणाले, "ताई, त्यापरीस गुळाची काहील आणायची. ती बी अशीच फिरती." (काहील म्हणजे गुळासाठी रस उकळायची मोठी कढई. पूर्वी या भागात काहिलीत बसून नदी ओलांडत, म्हणून त्यांना ते सुचलं.) मग पिशव्या आणि पाण्याचा कॅन पुढच्या टोकाला सरकवले. वल्हं मागे आलं की शेवटी जरा बाहेर ढकलायचं, हेही हळूहळू जमलं. "आई, तू जोर नको लावूस," असं लेकाने निदान दहादा ऐकवलं.

काठाजवळ मोटरींचे पाइप, तरंगत्या पिंपांचे दोर आणि केंदाळ (जलपर्णी), म्हणून मधूनच जायचं. मलिकवाड-दत्तवाड बंधारा दिसायच्या आधी ऐकू आला, बरग्यांच्या फटींतून पडणारं पाणी. फटींकडे पाण्याला ओढ असते, तेव्हा बरंच अलीकडे काठ धरला. सामान दोन खेपांत, मग नाव दोघांच्या डोक्यावर, आणि वाट उसातून. पाल्याने हात चिरले. सव्वा तास गेला. अलीकडचा काठ कर्नाटक, पलीकडचा महाराष्ट्र. फोनही कधी इकडचा टॉवर धरी, कधी तिकडचा.

कृष्णेत मगरी आहेत. इथवर येतात की नाही हे अंधारात तपासायची माझी तयारी नव्हती, म्हणून तंबू पाण्याकाठी नाही, वर शेतातल्या खोपीशेजारी, मालकाला विचारून. ते रात्रपाळीच्या लाइटसाठी आले होते. भाकरी, खर्डा, दही. साडेदहाला लाइट आली, काठच्या मोटरी एकेक सुरू झाल्या, आणि त्या घरघरीत लेक झोपला. मला झोप नाही. वरच्या काळम्मावाडी धरणातून पाणी सोडलं तर पातळी चढते, एवढंच डोक्यात. म्हणून संध्याकाळी पाण्याच्या कडेला काठी रोवली होती आणि नाव झाडाला बांधली होती. दोनदा बॅटरी घेऊन बघायला गेले. तेवढ्या उजेडात काठी दिसली, तिच्यापुढचं काही नाही.

सकाळी धुकं. काठी कोरडी, आणि पाणी तिच्यापासून दहा पावलं लांब. चढायची भीती धरली होती, ते रात्रीत मोटरींनी ओढून नेलं होतं! मधे नुसता चिखल. त्यातून नाव ओढताना लेकाची एक चप्पल गेली, ती अजून तिथंच असेल.

पुढे उन्हं डोळ्यांत आणि वारा समोरून. आता तो मागे बसला, मी पुढे. वजन पुढे गेल्याने असेल, पण नाव कालच्यापेक्षा सरळ गेली, हे मान्य करायला मला दुपार झाली. तोवर हात संपले होते. कल्लोळच्या अलीकडेच एका घाटावर थांबून भावाला फोन केला.

गाडीत लेक म्हणाला, "आता बरगे काढल्यावर येऊ. मग पाणी आपोआप नेईल."

बरगे काढतात पावसाच्या तोंडावर. मी अजून हो म्हटलेलं नाही.