न तडकलेला रंग

लॉगबुकात पाच महिने एकच वाक्य होतं: ‘व्हॉल्व्ह पूर्ण उघडून बंद केला, समाधानकारक.’ पाचही नोंदींवर सह्या होत्या, तारखा होत्या, शिफ्ट इंचार्जची प्रतिसही होती. आणि मी शिडीवर उभा राहून ज्या व्हॉल्व्हकडे बघत होतो, त्याच्यावरचा लाल रंग अखंड होता. स्पिंडल, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा, जिथे ग्लँडमधून, म्हणजे गळती अडवणाऱ्या तोंडातून, बाहेर येतो, तिथली फटसुद्धा रंगाने बुजलेली होती. नखाने खरवडून पाहिलं, पापुद्रा निघाला नाही. हँडव्हील पाव फेरा जरी फिरलं असतं तरी तो रंग तिथे तडकला असता. शेजारच्या पाइपवर रंगकाम करणाऱ्या ठेकेदाराने पांढऱ्या अक्षरांत तारीख छापली होती, जानेवारीतली. आम्ही जूनमध्ये उभे होतो.

अणुवीज केंद्रांची तपासणी करणाऱ्या नियामक पथकात मी बरीच वर्षं काढली. त्याआधी अणुभट्टी चालवण्याच्या बाजूलाही होतो, म्हणून शिफ्टमधल्या माणसाचं आयुष्य मला ठाऊक आहे. या केंद्राचं नाव घेत नाही. तिथली बरीच माणसं अजून सेवेत आहेत, आणि त्यांनी पुढे जे केलं ते मनापासून केलं.

युनिट, म्हणजे एक अणुभट्टी आणि तिचं वीजयंत्र, होतं 220 मेगावॅटचं, जड पाण्यावर चालणारं. मोठ्या दुरुस्तीसाठी बंद होतं आणि चार दिवसांनी सुरू व्हायचं होतं. कडक उन्हाळा, राज्यात विजेची ओढाताण. अशी एक भट्टी दिवसाला पन्नास लाखांवर युनिट वीज देते, त्यामुळे केंद्रातले सगळे घड्याळाकडे बघत होते. मी गेलो होतो सुरू होण्याआधीच्या तपासणीसाठी.

हा व्हॉल्व्ह म्हणजे काय, ते सांगायला हवं. अणुभट्टी बंद केली म्हणजे गॅस बंद केल्यासारखं होत नाही. विखंडन, म्हणजे अणू फुटणं, थांबतं, पण इंधनात साठलेली किरणोत्सारी द्रव्यं उष्णता देतच राहतात. तासाभरानंतरही ती मूळ उष्णतेच्या दीड टक्क्याच्या आसपास असते. दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. या आकाराच्या भट्टीत तो भरतो दहा मेगावॅटच्या घरात, म्हणजे घरातले दोन किलोवॅटचे पाच हजार गीझर एकाच वेळी चालू ठेवल्यासारखं. ही उष्णता सतत बाहेर काढावी लागते. नेहमीचे पंप गेले तर दुसरे, वीज गेली तर डिझेल जनरेटर, तेही गेले तर मोजमाप आणि नियंत्रणापुरती बॅटरी. आणि सगळंच गेलं, तर आग विझवायच्या पाण्याची लाइन. डिझेलवर चालणारा फायर पंप, एक लाल पाइप, आणि हाताने फिरवायचे दोन व्हॉल्व्ह. ते उघडले की पाणी थेट स्टीम जनरेटरमध्ये जातं, तिथे त्याची वाफ होते, आणि भट्टीतलं जड पाणी पंपाशिवाय, केवळ गरम-थंडाच्या फरकाने फिरत राहतं.

हे कागदावरचं नाही. 31 मार्च 1993 ला पहाटे साडेतीनच्या सुमारास उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याच्या पहिल्या युनिटमध्ये टर्बाइनची पाती तुटली. यंत्र इतकं हादरलं की जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन बाहेर पडला आणि पेटला. मागोमाग तेल पेटलं, मग केबल पेटल्या. नेहमीच्या आणि पर्यायी विजेच्या केबल एकाच मार्गाने नेलेल्या होत्या, मध्ये आग अडवणारी भिंत नव्हती. सगळी वीज गेली, ती सुमारे सतरा तास आलीच नाही. कंट्रोल रूममध्ये इतका धूर भरला की ती सोडावी लागली. भट्टी पुन्हा जागी होऊ नये म्हणून कर्मचारी हातात टॉर्च घेऊन अंधारात वर चढले आणि हाताने व्हॉल्व्ह उघडून त्यांनी बोरॉनचं पाणी आत सोडलं. आणि गाभा थंड राहिला तो डिझेलच्या फायर पंपांनी स्टीम जनरेटरना पाणी दिल्यामुळे. बाहेर किरणोत्सार गेला नाही. नव्या पोरांना मी नरोऱ्याची गोष्ट सांगायचो तेव्हा एकच विचारायचो: त्या रात्री तो व्हॉल्व्ह फिरला नसता तर?

आता मी त्याच कामाच्या व्हॉल्व्हसमोर उभा होतो आणि तो फिरला नव्हता.

खाली शिडी धरून एक टेक्निशियन उभा होता. पंचविशीतला, जळगावकडचा. दोन दिवस माझ्याशी मराठीत बोलायला मिळतंय म्हणून खूश होता. पाचातल्या दोन सह्या त्याच्या होत्या. मी म्हटलं, “फिरवून बघ रे जरा.” तो वर चढला. दोन्ही हातांनी जोर लावला, मग पाना अडकवून लावला. तिसऱ्या झटक्याला चाक सुटलं, रंगाची एक पट्टी कट्‌कन तुटून माझ्या बुटावर पडली. चार-पाच फेऱ्यांनंतर चाक पुन्हा अडलं, ते पुढे गेलंच नाही. दुसऱ्या स्टीम जनरेटरच्या लाइनवरही तेच. एकूण आठ व्हॉल्व्ह पाहिले, तीन अडलेले निघाले.

तो खाली उतरला तेव्हा त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. छातीवरचा, अंगावर किती किरणोत्सार पडला ते नोंदवणारा टीएलडी बॅज उगाचच नीट करत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, “सर, वर जायला जागाच नाही. परांची बांधायला चिठ्ठी टाकावी लागते, तीन-चार दिवस जातात. तोवर टेस्टची तारीख उलटते. तारीख उलटली की वरून विचारणा. आधीचे लोकही असंच लिहायचे.”

मी विचारलं, “आणि ही शिडी?”

“ही तुम्ही आलात म्हणून स्टोअरमधून काढली, सर.”

मला त्याचा राग आला नाही असं म्हणणार नाही. आला. सही म्हणजे काय हे त्याला शिकवलेलं होतं. पण वर बघितलं तर जमिनीपासून साडेतीन-चार मीटरवर व्हॉल्व्ह, खाली केबलचे ट्रे, आणि उभं राहायला वीतभर जागा नाही. दर महिन्याला हा व्हॉल्व्ह फिरवावा असा नियम ज्याने लिहिला, त्याने तिथे कधी वर मान करून पाहिलं नव्हतं. रात्री, अंधारात, धुरात, एखाद्याने तिथे चढायचं होतं.

संध्याकाळच्या बैठकीत मी निष्कर्ष मांडले तेव्हा खोलीत पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. स्टेशन डायरेक्टर सज्जन माणूस. त्यांनी काही नाकारलं नाही. म्हणाले, “तिन्ही व्हॉल्व्ह रातोरात मोकळे करतो. त्या मुलाला उद्या निलंबित करतो. पण युनिट सुरू होऊ द्या साहेब, बाकी सुधारणा महिन्याभरात करून कळवतो.”

बोलणं वरवर रास्त होतं. तीन व्हॉल्व्ह काय, एका रात्रीचं काम. पण मला जे कळत नव्हतं ते वेगळंच होतं: या लॉगबुकातलं आणखी काय खोटं आहे? डिझेल जनरेटरच्या चाचण्या? बॅटऱ्यांची तपासणी? आपत्कालीन शीतकरणाचे इतर व्हॉल्व्ह? एका ओळीवरचा विश्वास उडाला की बाकीच्या हजार ओळी कशाच्या भरवशावर मानायच्या?

रात्री गेस्ट हाउसमध्ये झोप लागली नाही. डोक्यात अमेरिकेतलं ओहायोचं डेव्हिस-बेसी केंद्र घोळत होतं. तिथे भट्टीच्या झाकणातल्या नळ्यांना तडे असावेत अशी शंका होती. नियामकांनी 31 डिसेंबर 2001 पर्यंत भट्टी बंद करून तपासा असा आदेश तयारसुद्धा केला होता. मग कंपनीशी बोलणी होऊन 16 फेब्रुवारी 2002 पर्यंत मुदत दिली गेली. मार्चमध्ये झाकण उघडं केल्यावर दिसलं की गळणाऱ्या बोरिक आम्लाने पोलाद खाऊन मोठा खड्डा पाडलाय. सोळा सेंटीमीटरच्या पोलादातून उरलं होतं ते आतलं स्टेनलेस स्टीलचं अस्तर, जाडी सेंटीमीटरच्या आसपास. भट्टीचा सगळा दाब तेवढ्यावर तोलला होता. झाकणावरून लालसर गंजाचे ओघळ आल्याचे फोटो दोन वर्षं आधीचे, सन 2000 चे. पुढे 2005 मध्ये 54 लाख 50 हजार डॉलरचा दंड झाला, तोवरचा तिथला सर्वांत मोठा. मला मात्र त्या दंडापेक्षा मुदतवाढीचे ते जवळपास सात आठवडे जास्त आठवतात. ते नियामकांनी दिले होते.

आपल्याकडे तर दंडाचं हत्यारही नव्हतं. 2012 च्या अहवालात कॅगने स्वच्छ लिहिलं होतं की नियमभंगाच्या दंडाच्या रकमा नगण्य आहेत आणि त्या ठरवण्यात नियामकाला स्थान नाही. आमच्याकडे होतं ते थांबवणं. लेखी निर्देश, काम कमी करायला लावणं, परवाना रोखणं. ते वापरायचं नसेल तर मी शिडीवर चढलोच कशाला?

सकाळी सातला मुंबईला फोन लावला. वरिष्ठांनी दोनच प्रश्न विचारले: फोटो आहेत का, आणि मोजमाप किती जणांसमोर झालं? मग म्हणाल्या, “लिहून पाठव. मी इथे बसते.” दुपारपर्यंत आदेश निघाला. पाणी देणाऱ्या प्रत्येक हातव्हॉल्व्हची आणि मागच्या वर्षभरातल्या सगळ्या सुरक्षा-चाचण्यांची साक्षीदारांसमोर फेरतपासणी होईपर्यंत युनिट सुरू करायचं नाही. अवघड जागेच्या प्रत्येक व्हॉल्व्हला कायमचा प्लॅटफॉर्म बांधायचा. आणि चौकशी फक्त सही करणाऱ्याची नाही. प्रतिसही करणाऱ्यांची, अंतर्गत ऑडिटची आणि टेस्टचं वेळापत्रक ठरवणाऱ्यांचीही.

या शेवटच्या वाक्यासाठी मी भांडलो. पोरगा निलंबित झाला असता तर फाइल बंद झाली असती आणि पुढचा पोरगाही न चढता सही करायला शिकला असता. माझ्या अहवालात मी आणखी एक परिच्छेद घातला. आधीच्या तिमाहीत हेच लॉगबुक तपासून ‘नोंदी व्यवस्थित’ असा शेरा मारला गेला होता. तो शेरा माझा होता. मी वह्या वाचल्या होत्या, पाइपखाली जाऊन मान वर केली नव्हती. वरिष्ठ म्हणाल्या, हा परिच्छेद ठेवायचाच का? मी म्हटलं, ठेवायचा.

युनिट एकोणीस दिवस उशिरा सुरू झालं. फेरतपासणीत डिझेल जनरेटर ठीक निघाले. एका बॅटरी बँकेतले काही सेल क्षमतेत कमी पडले, ते बदलले गेले. कोणी नोकरीवरून गेलं नाही. त्या पोराची वेतनवाढ रोखली गेली, इंचार्जची बदली झाली.

पुढच्या वर्षी मी पुन्हा त्या गल्लीत गेलो. जाळीदार लोखंडी प्लॅटफॉर्म, वर जायला पक्क्या पायऱ्या, कठडा, आणि बॅटरीवर चालणारा दिवा. तोच पोरगा पुढे होता. मी काही बोलायच्या आत तो वर गेला आणि चाक फिरवताना मोठ्याने फेरे मोजू लागला. तेवीसाव्या फेऱ्याला पूर्ण उघडलं. त्याने दोन्ही व्हॉल्व्हच्या मधला ड्रेन सोडला, खाली पाण्याची धार पडली, आधी गढूळ, मग स्वच्छ. नोंदवहीत आता फेऱ्यांचा वेगळा रकाना होता. मी मागची पानं चाळली. त्याच्याच अक्षरात दोन महिन्यांपूर्वीची ओळ होती: ‘तेरा फेऱ्यांनंतर जड फिरतो. असमाधानकारक. ग्लँड पॅकिंग बदलणे.’ आणि खाली, तीन दिवसांनंतरच्या तारखेची, ‘बदलले. तेवीस.’