फोडणीला वाट हवी

डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत स्वयंपाकघराला खिडकी आहे, पण ती उघडते डक्टमध्ये. चारही बाजूंनी भिंती, मधून सांडपाण्याचे पाइप, तळाशी कबुतरं आणि वर हातरुमालाएवढं आभाळ. सगळ्या मजल्यांची स्वयंपाकघरं आणि न्हाणीघरं त्यातच श्वास सोडतात. खालच्या काकूंनी सुकट भाजायला घेतली की आमच्याकडे कळतं, आणि आमची लसणाची फोडणी वरच्यांना. कुणाचा उपास आहे, कुणाचं दूध उतू गेलं, हे विचारावं लागत नाही.

वासाबद्दल माझी तक्रार नाही. तो येतो तसा जातो. तेल जात नाही. मोहरी तडतडते म्हणजे दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन तो फुटतो आणि तेलाचे बारीक कण उडवतो. ते गरम हवेबरोबर छताला जातात, तिथून पसरतात आणि थंड झाले की मिळेल त्या जागी बसतात. फ्रिजचा माथा, डब्यांची झाकणं, देव्हाऱ्यातल्या गणपतीच्या तसबिरीची काच. शेगडीशेजारच्या कालनिर्णयाचा तर खालचा कोपरा कायम अर्धपारदर्शक. दूधवाल्याचा खाडा लिहायला जावं तर पेन उठत नाही.

चिमणी घ्या, असं सगळे सांगतात. पण आमच्या सोसायटीत बाहेरच्या भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही, आणि पाइप डक्टमध्ये सोडला तर वरच्या मजल्याशी भांडण ठरलेलं. मग दुकानदार बिनपाइपची चिमणी दाखवतो. ती तेल जाळीत पकडते, थोडा वास कोळशाच्या फिल्टरमध्ये अडकवते आणि तीच हवा परत आपल्या तोंडावर सोडते. उष्णता आणि वाफ घरातच. वाफ म्हणजे नुसती भाताची नव्हे. गॅस जळतानाही पाणी तयार होतं. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी वाफ होऊन घरात येतं! हे कळल्यापासून पावसाळ्यातल्या बुरशीचा सगळा दोष मी पावसाला देत नाही.

आमच्याकडे आहे तो साधा एक्झॉस्ट फॅन, आणि माझ्या मते नीट वापरला तर तो पुरतो. पण पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी कुठून तरी आत यायला हवी, हे बसवणारा सांगत नाही. घराची सगळी दारं बंद असली तर पंखा नुसता घरघरतो. आणि पंख्याखालचीच खिडकी उघडी ठेवली तर तो तिथूनच हवा ओढतो आणि तिथेच फेकतो. शेगडीवरचा धूर जागेवर.

याची परीक्षा उदबत्तीने करता येते. शेगडीपाशी पेटती उदबत्ती धरायची आणि धूर कुठे जातो ते बघायचं. आमचा धूर पंख्याकडे पाठ फिरवून सरळ हॉलमधल्या सोफ्याकडे निघाला होता. डक्टची खिडकी लावली, गॅलरीचं दार चार बोटं उघडून खाली पाट अडकवला, हॉलचा पंखा बंद केला, तेव्हा कुठे तो वळला. तेव्हापासून आधी एक्झॉस्ट, मग गॅस, आणि भाजी उतरल्यावरही थोडा वेळ एक्झॉस्ट चालूच, असा नेम आहे. अडचण एकच. मे महिन्यात बातम्या बघत बसलेल्या माणसाला "जरा पंखा बंद कर, मी फोडणी देतेय" हे सांगायचं असतं. यावर आमच्याकडे जितके वाद झाले तितके पैशांवरूनही झाले नसतील.

इतकं करूनही थर बसतोच. ताजा असेपर्यंत तो गरम पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने निघतो. राहू दिला तर हवेतल्या ऑक्सिजनने तेलाचे रेणू एकमेकांत गुंततात आणि थर पिवळा, मेणचट, चिवट होतो. जवसाच्या तेलातले रंग वाळतात ते याच गुणावर. मग धुण्याचा सोडा काढावा लागतो. तो तेलाचाच साबण करतो, म्हणून गरम पाण्यात भिजवून ठेवलं की अर्धी घासाघीस वाचते. हातमोजे मात्र हवेत, आणि अ‍ॅल्युमिनियमची भांडी त्यात घालू नयेत, काळी पडतात. कपाटांच्या माथ्यावर मी रद्दी अंथरते आणि दिवाळीला गुंडाळी करून फेकून देते. दिसायला वाईट, पण तिथे बघतं कोण?

खरी कसोटी जुलैत. पावसाची झड आत येते म्हणून गॅलरीचं दार बंद, कपडे हॉलमध्ये दोरीवर, आणि ऑफिसच्या शर्टाला हिंगाचा वास. त्या दिवसांत तळण बंद, पिठलं-भात आणि कुकरची भाजी जास्त. ठेचा करायचा झाला तर मिरच्या तव्यावर न भाजता थोड्या तेलात झाकण ठेवून शिजवते, म्हणजे घरभर ठसका लागत नाही. सासूबाईंच्या मते याला ठेचा म्हणू नये. त्या गावी मागच्या अंगणात मिरच्या भाजतात. त्यांचं बरोबरच आहे, पण त्यांच्याकडे मागचं अंगण आहे.