याला लागत नाही का?

रविवार, रात्री साडेअकरा

पावसानं क्रिकेट बुडवलं म्हणून दुपारी चिरंजीवांना लॅपटॉपवर जुना अमेरिकन विनोदी नट बस्टर कीटन लावून दिला. 'अवर हॉस्पिटॅलिटी', १९२३चा. मूकपट म्हटल्यावर आधी तोंड वाकडं झालं, पण दहा मिनिटांत पोह्यांची ताटली मांडीवर तशीच. आगगाडीवर, कड्यावर, शेवटी धबधब्यापाशी तो माणूस कोलमडतोय, लटकतोय आणि चेहऱ्यावरची रेष हलत नाही. प्रश्न आलाच. "आई, याला लागत नाही का?"

"लागत असणार," म्हणून मी वेळ मारून नेली. नदीत वाहून जाण्याच्या प्रसंगात त्याला धरून ठेवणारी तार खरोखरच तुटली होती आणि तो खरोखरच वाहत गेला होता. तेच चित्रण सिनेमात आहे. पण पोराला द्यायचं खरं उत्तर त्याच्याही आधीचं आहे, आणि ते नऊ वर्षांच्या मुलाला कसं सांगायचं ते मला सुचलं नाही. म्हणून इथे.

बस्टरचे आईवडील, ज्यो आणि मायरा, औषधवाल्यांच्या फिरत्या खेळातले. गावात मुक्काम ठोकायचा, गाणी-नकला करून गर्दी जमवायची आणि मध्येच औषधाच्या बाटल्या खपवायच्या. मायरा अशाच एका खेळवाल्याची मुलगी. १८९४मध्ये दोघांचं लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी, ४ ऑक्टोबरला, दौऱ्यावर असताना कॅन्ससमधल्या पिक्वा नावाच्या एवढ्याशा गावात बस्टर झाला. पोर जिन्यावरून गडगडत खाली आलं नि रडलं नाही, म्हणून प्रसिद्ध जादूगार हॅरी हुदिनीनं त्याला 'बस्टर' नाव दिलं अशी कथा आहे. हुदिनी काही काळ त्यांच्याबरोबर फिरत होता हे खरं. बाकीचं ज्योच्या हिशेबात टाकावं. हा गृहस्थ नाटकवाल्यांच्या साप्ताहिकांना स्वतःच्याच बातम्या पुरवायचा, त्यामुळे कशात मीठ किती आणि मसाला किती, देव जाणे.

१९००च्या सुमारास पाच वर्षांचा बस्टर आईवडिलांबरोबर व्हॉडव्हिलमध्ये उभा राहिला. व्हॉडव्हिल म्हणजे एका तिकिटात आठ-दहा वेगवेगळे प्रकार: गाणारे, जादूगार, कसरतवाले, शिकवलेली कुत्री. त्यात 'द थ्री कीटन्स'ची पंधरा-वीस मिनिटं. आठवडाभर एका गावात, मग ट्रंका आवरून पुढची गाडी.

खेळ असा. बापलेक अगदी एकसारखे: टकलाचा टोप, ढगळ विजार, भलेमोठे बूट. ज्यो मुलांना वळण कसं लावावं यावर प्रेक्षकांना व्याख्यान देतोय. मागे पोरगा झाडू घेऊन उच्छाद मांडतोय. मग बाप त्याला उचलतो आणि फेकतो. पडद्यावर, विंगेत, वादकांच्या खड्ड्यात. पकडायला सोपं जावं म्हणून पोराच्या कोटाला पाठीवर सुटकेसची मूठ शिवलेली. ती मूठ माझ्या डोक्यातून जात नाही. कुणीतरी बसून, दोरा ओवून, ओढून पाहून ती घट्ट शिवली असेल. आणि हे सगळं चालू असताना मायरा एका बाजूला सॅक्सोफोन वाजवतेय.

पोरगा स्वतः हसला की प्रेक्षक कमी हसतात, हे त्याच्या लवकर लक्षात आलं. चुकून हसू फुटायला लागलं की ज्यो दबक्या आवाजात बजावायचा, "चेहरा!" तो दगडी चेहरा तिथला.

न्यूयॉर्कची बालसंरक्षण संस्था अर्थातच मागे लागली. सोळा वर्षांखालच्या मुलांना कसरतीची बंदी होती. कीटन मंडळींनी पोराचं वय वाढवून सांगितलं, कधी तो ठेंगू माणूसच आहे असं भासवलं. अंगावर वळ आहेत का, तेही कपडे उतरवून तपासून झालं. बस्टर म्हातारपणीही हेच सांगायचा, की मला पडायचं कसं ते शिकवलं होतं, मला लागत नव्हतं. आमच्याकडेही हा पठ्ठ्या दोन वर्षांचा असताना त्याचे बाबा त्याला छताकडे उडवायचे आणि सासूबाई डोळ्यांना पदर लावायच्या. तो खिदळायचा. मीही हसायचे. त्यामुळे मायराला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही, पण बस्टरचं म्हणणंही मला पुरतं पटत नाही.

मिशिगनमध्ये मस्कीगनजवळ, तळ्याकाठी, ब्लफ्टन इथे त्यांचं उन्हाळ्यातलं छोटं घर होतं. उकाड्यानं नाट्यगृहं बंद असायची, तेवढे दिवस पोरांना मासेमारी आणि बेसबॉल. फिरस्त्या माणसांना घर म्हणावं असं तेवढंच.

हा सगळा खेळ उभा होता ज्योच्या अंदाजावर. किती जोरानं, किती उंच, कुठल्या क्षणी हात सोडायचा. ज्योची दारू वाढत गेली आणि तो अंदाज गेला. पोरगाही आता विशीतला, अंगानं भरलेला. विनोदातली मारामारी मारामारीच व्हायला लागली. आणि १९१७च्या सुरुवातीला मायरानं सॅक्सोफोन खाली ठेवला. दौरा अर्ध्यावर असताना, लॉस एंजेलिसमध्ये ज्योला न सांगता, ती मुलाला घेऊन निघून गेली. सतरा वर्षांचा खेळ असा संपला.

न्यूयॉर्कला बस्टरला एका मोठ्या रंगमंचीय खेळात आठवड्याला २५० डॉलर ठरले होते. तालमी सुरू व्हायच्या आधीच तो सिनेमातला विनोदी नट फॅटी आर्बकल याच्या स्टुडिओत गेला आणि ४० डॉलरवर सिनेमात राहिला. अशा वेळी घरातली माणसं काय म्हणतात ते आपल्याला ठाऊक आहे. मायरानं हरकत घेतल्याचं माझ्या वाचनात नाही.

आज दुपारी पाहिलेल्या सिनेमात सुरुवातीला पाळण्यातलं बाळ आहे ते बस्टरचं स्वतःचं. नायिका ती त्याची तेव्हाची बायको. आणि त्या खेळण्यासारख्या आगगाडीचा दाढीवाला इंजिनवाला चिडून गार्डच्या डोक्यावरची टोपी एका लाथेत उडवतो. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि पाय सरळ डोक्याएवढा वर.

तो ज्यो. लेकानं त्याला पुढेही सिनेमांत कामं दिली.

चिरंजीव सगळ्यात जास्त त्याच लाथेला हसले. तीनदा मागे घेऊन पाहिली, आत्ता झोपतानाही "उद्या बाबांना ती लाथ दाखवू" चाललं होतं. तो म्हातारा कोण, ते मी अजून सांगितलेलं नाही.