आईच्या पायाची सूज आणि डाळिंबाची ड्रिप

गेल्या मे महिन्यात आईच्या पायाला सूज यायला लागली. सोलापूरचा मे म्हणजे काय सांगायचं, पहिले आठ दिवस घरात सगळ्यांनी उन्हावरच ढकललं. मग शेजारच्या काकूंनी मीठ बंद करायला लावलं, मग मावशीचा फोन, "किडनी बघून घे गं एकदा", झालं, घरात सगळ्यांची झोप उडाली. संध्याकाळी जोडवी बोटात रुतायची, आणि नडगीवर अंगठा दाबून धरला की खड्डा पडायचा तो पटकन भरूनच यायचा नाही.

डॉक्टरांकडे नेलं. लघवी, क्रिएटिनिन, अल्ब्युमिन सगळं नॉर्मल. त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी बघितली आणि विचारलं, बीपीची ही ॲम्लोडिपिन पाचची दहा मिलिग्रॅम कधी केली? दोन महिने झाले. "मग त्यानंच." संपलं.

पण माझ्या डोक्यात काही संपेना. बीपी म्हणजे प्रेशर, गोळीनं प्रेशर कमी होतं, मग रक्तवाहिनीतून पाणी बाहेर जास्त येऊन सूज का चढते बे? उलटं व्हायला पाहिजे ना. मी टॉवेलच्या कारखान्यात काम करतो, डॉक्टरकीशी संबंध शून्य, पण दोन-तीन रात्री वाचत बसलो आणि शेवटी समजलं ते चुलतभावाच्या सांगोल्याच्या डाळिंबामुळे.

आपल्या शरीरातली सगळ्यात बारीक रक्तवाहिनी म्हणजे केशिका, कॅपिलरी. तिची भिंत एका पेशीच्या जाडीची. आत जागा इतकी कमी की ७-८ मायक्रॉनची तांबडी पेशी काही ठिकाणी दुमडून, अंग चोरून जाते. आणि ही भिंत पाझरते, म्हणजे गळती हा तिचा दोष नाही, तेच तिचं काम आहे, नाहीतर पेशींना साखर-पाणी पोचणार कसं. पाणी बाहेर ढकलतं ते आतलं प्रेशर, आणि आत धरून ठेवतात ती रक्तातली प्रोटीनं, मुख्य म्हणजे अल्ब्युमिन. ही रस्सीखेच स्टार्लिंग नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १८९६ मध्ये मांडली. पुस्तकातले आकडे असे की केशिकेच्या सुरुवातीला प्रेशर साधारण ३५, शेवटाला १५, आणि प्रोटीनची ओढ २५ च्या आसपास, सगळं मिलिमीटर पाऱ्यात. म्हणून सुरुवातीला पाणी बाहेर आणि शेवटाला परत आत, असं शिकवायचे. आता म्हणतात की बहुतेक ठिकाणी परत आत फारसं येतच नाही, बाहेर आलेलं बरंचसं पाणी लसिकावाहिन्या गोळा करून रक्तात आणून सोडतात. म्हणजे शेताला वेगळा चर खणलेला असतो तसं.

आता ड्रिप. भावाच्या शेतात मेन लाइन, मग कॉक, मग लॅटरल म्हणजे झाडांच्या ओळीतली बारीक नळी, लॅटरलला ड्रिपर. कॉक अर्धवट बंद असला की मेनवरचा गेज चढलेला दिसतो आणि ड्रिपर मात्र हळू टिपकतात. कॉक सगळा उघडला की गेज खाली येतो, पण लॅटरलमधलं प्रेशर वाढतं आणि साधे ड्रिपर जोरात वाहायला लागतात, झाडाखाली चिखल. शरीरात हा कॉक म्हणजे केशिकेच्या आधीची छोटी धमनी. ॲम्लोडिपिन तिला ढिली करते, पुढच्या शिरांना तेवढी नाही. म्हणजे येणारं पाणी वाढलं आणि जायचा रस्ता होता तेवढाच. दंडाला पट्टा बांधून आपण मोजतो ते मेनचं प्रेशर, ते उतरलं, आणि केशिकेतलं चढलं! त्यात पाय सगळ्यात खाली, दिवसभर वरच्या रक्ताचं वजन त्यांच्यावरच.

आणि कॉक किंचित ढिला झाला तरी फरक केवढा! प्वाझ्यूय नावाचा फ्रेंच डॉक्टर होता, त्यानं १८४० च्या सुमाराला काचेच्या बारीक नळ्यांतून पाणी सोडून मोजमाप केलं. नळी दुप्पट रुंद केली तर प्रवाह दुप्पट नाही, १६ पट होतो. आमच्याकडे पाइप घेताना हा हिशोब कोण करतं, दुकानदार देईल तो.

भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, मग प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर बसवा की काकूला. त्या ड्रिपरमध्ये रबराचा पडदा असतो, प्रेशर वाढलं की तो दाबला जाऊन वाट बारीक करतो, त्यामुळे टिपकणं तेवढंच राहतं. चेष्टाच केली त्यानं, पण शरीरातही असं थोडं आहे, प्रेशर वाढलं की छोट्या धमन्या आपोआप आवळतात. फक्त ही गोळी नेमकं तेच आवळणं ढिलं करते.

डॉक्टरांनी गोळी बदलली (स्वतःच्या मनानं बंद करू नका, आमच्या आत्यानं तो उद्योग केला होता आणि बीपी दोनशेला गेलं), हळूहळू सूज उतरली, जोडवी फिरायला लागली.

त्याच आठवड्यात नवा माठ आणला. जुन्याचं पाणी गारच होईना, बोअरच्या क्षारानं त्याची भोकं बुजलेली, पाझरणंच बंद. नवा ओट्यावर ठेवला तर तासाभरात खाली ओल. आई लगेच म्हणाली, "गळका दिला तुला, परत देऊन ये."


म्हटलं आई, राहू दे, उद्या सकाळी पाणी पिऊन बघ.